पट्टी निगेटिव्ह आली, पण पोराची छाती वाजतेच आहे. कोटिनिनबद्दल कोणाला माहीत आहे का?

मानेवाडा_मेघा · शुक्रवार, रात्री ११:५२

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. पोरगा सहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून छाती वाजते, पंप सुरू आहे. यंदा उन्हाळ्यातही खोकलून राहिला म्हणून धंतोलीत दाखवलं, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात कोणी ओढतं का?"

सासरे विड्या ओढतात. दिवसाला आठ-दहा. पण घरात कधीच नाही, अंगणातच. मी तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अंगणातला धूर पोराच्या अंगात जातो की नाही हे लघवीतून किंवा थुंकीतून बघता येतं, सुई टोचायची गरज नाही. त्यात कोटिनिन नावाचं काहीतरी मोजतात म्हणे.

नवऱ्याने त्याच रात्री ऑनलाइन पट्ट्या मागवल्या. आज सकाळी वाटीत लघवी घेतली, ड्रॉपरने तीन थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले. दोन रेघा आल्या. मी तिथेच हंबरडा फोडला, सासऱ्यांना नको ते बोलले. मग नवऱ्याने आतला कागद वाचला. ह्या पट्टीत उलटं असतं! दोन रेघा म्हणजे काही सापडलं नाही, एकच रेघ म्हणजे सापडलं.

आता सासरे दिवसभर गालात हसत आहेत. "पाहा, यंत्रानंही सांगितलं." मी तोंड लपवून फिरते आहे. पण पोराची छाती तर वाजतेच आहे ना. ही पट्टी कितपत खरी? थुंकीची जास्त बरोबर येते का? नागपुरात लॅबमध्ये होतं का हे?

---

तर्रीवाला · शुक्रवार, रात्री ११:५८

दोन रेघा पाहून आमच्या घरी त पेढे आले असते वहिनी.

(सॉरी. पोराले बरं वाटो.)

---

टेस्टट्यूब_दादा · शनिवार, सकाळी ७:२०

मेघाताई, पंधरा वर्षं लॅबमध्ये काम करतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी डबा काढा आणि त्यावर "कट-ऑफ" म्हणून (ज्याच्या खाली पट्टी "नाही" म्हणते) जो आकडा छापला आहे तो इथे टाका. सगळी गोष्ट त्या आकड्यात आहे.

तोवर रेघांचं सांगतो. पट्टीवर आधीच ठरावीक जागी एक लेप दिलेला असतो आणि थेंबासोबत रंगीत कण सरकत जातात. लघवीत कोटिनिन नसेल तर ते कण लेपाला चिकटतात आणि रेघ उमटते. कोटिनिन भरपूर असेल तर ते कणांना आधीच धरून ठेवतं, लेपाला चिकटायला काही उरत नाही आणि रेघ येत नाही. म्हणून उलटं. तुमच्यासारखी चूक आमच्याकडे शिकाऊ पोरंही करतात, लाज वाटून घेऊ नका.

आता कोटिनिन म्हणजे काय. तंबाखूतलं निकोटीन अंगात गेलं की यकृत त्याचं रूपांतर करतं, त्यातला साधारण ७० ते ८० टक्के भाग कोटिनिन होतो. (इंग्रजीत दोन्ही नावांची अक्षरं तीच आहेत, फक्त जागा बदलली आहे.) थेट निकोटीनच का मोजत नाहीत? कारण ते टिकत नाही, दोन तासांत अर्धं उडतं. कोटिनिन अर्धं व्हायला १६-१८ तास लागतात. म्हणजे आजच्या लघवीत मागच्या दोन-तीन दिवसांचा हिशोब असतो. त्याच्या मागचा नाही.

---

मानेवाडा_मेघा · शनिवार, सकाळी ८:०५

डबा कचऱ्यातून काढला. २०० लिहिलंय. पुढे मिलीलीटरमागे नॅनोग्रॅम असं काहीतरी.

---

टेस्टट्यूब_दादा · शनिवार, सकाळी ८:३१

वाटलंच होतं.

२०० ही मर्यादा "हा माणूस स्वतः ओढतो का" हे विचारण्यासाठी आहे. ओढणाऱ्याच्या लघवीत कोटिनिन शेकड्यांत, कित्येकदा हजारांत असतं. दुसऱ्याचा धूर खाणाऱ्या लेकराच्या लघवीत ते एकअंकी, फार तर दोनअंकी असतं. कळमन्यात ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर तुम्ही पावभर भिवापुरी मिरची ठेवली आणि काटा हलला नाही, तर मिरची नाहीच असं म्हणाल का?

तुमच्या पट्टीने एवढंच सांगितलं की पोरगा लपून विड्या ओढत नाही. अभिनंदन.

तुम्हाला हवा आहे तो आकडा, रेघ नव्हे. लघवीची किंवा लाळेची तपासणी अशा लॅबमधून करा जिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (अगदी बारीक प्रमाणही पकडणाऱ्या यंत्रावर) मोजतात. काउंटरवर विचारा, "तुम्ही कमीत कमी किती मोजू शकता?" उत्तर २०० किंवा ५० आलं तर पुढच्या लॅबमध्ये जा. आणि लघवी दिली तर सोबत क्रिएटिनिन मागून घ्या. का ते रिपोर्ट आल्यावर सांगतो.

पंप बंद करू नका एवढं मात्र आत्ताच सांगतो.

---

धंतोलीकर · शनिवार, सकाळी १०:४४

आता हेच उरलं होतं. घरच्या म्हाताऱ्याच्या विडीवर लॅबमधून पंचनामा. अरे आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, आजीच्या मांडीवर बसून तिची मशेरी पाहिली, दसऱ्याला रावण जाळला तर चार दिवस वास जात नसे. कोणाच्या लघवीची वाटी नाही भरली. आज अगरबत्ती लावली तरी उद्या ही परीक्षा फेल होईल, बघा.

---

टेस्टट्यूब_दादा · शनिवार, सकाळी ११:१०

काका, अगरबत्ती, धूप, कासवछाप, चूल, रावण, कशाचंच कोटिनिन होत नाही. त्या धुरांनी त्रास होतो तो वेगळा, पण ही तपासणी फक्त निकोटीन ओळखते. हीच तिची खुबी आहे. तुम्ही म्हणता तो गोंधळ फुंकरीच्या तपासणीत होतो, ज्यात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो चुलीनेही वाढतो, सीताबर्डीच्या सिग्नलवर अर्धा तास अडकलात तरी वाढतो, आणि पाच-सहा तासांत निम्म्यावर येतो. जुन्या काळी लाळेतलं थायोसायनेटही मोजत, तर ते पत्ताकोबी खाल्ली तरी वाढायचं.

---

तर्रीवाला · शनिवार, सकाळी ११:२६

दादा, मी ऐकलं का वांग्यातबी निकोटीन असते. मंग आपल्या विदर्भातल्या पंगतीचं कसं? आलू-वांग्याची भाजी चार-चार डाव घेणारे लोक हाये इथं. ते सारेच पकडल्या जातीन न.

---

टेस्टट्यूब_दादा · शनिवार, सकाळी ११:४०

खरं आहे, वांगं, टमाटर, आलू तंबाखूच्याच कुळातले. त्यात वांग्यात सगळ्यात जास्त, ग्रॅममागे साधारण १०० नॅनोग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात १ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन जातं. हिशोब कर, एका सिगारेटच्या बरोबरीला दहा किलो वांगी लागतील.

---

तर्रीवाला · शनिवार, सकाळी ११:४३

आमच्या मामाले जमते.

---

वैदर्भी_पुण्यात · शनिवार, दुपारी २:१५

हा धागा वाचून आमचं रामायण आठवलं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने टर्म प्लॅन घेतला. फॉर्मवर "धूम्रपान करता का" पुढे ठसक्यात "नाही" लिहिलं. आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही म्हणे, आणि ते खरंही आहे. पण खर्रा! नागपूर सोडलं, पुण्यात आलो, तरी गावाहून येणारा प्रत्येक माणूस याच्यासाठी पन्नीत घोटलेला खर्रा घेऊन येतो. सुपारी, चुना, तंबाखू, घोटून घोटून काळी केलेली.

मेडिकलमध्ये लघवी घेतली आणि कोटिनिन पॉझिटिव्ह आलं. कंपनीचं पत्र आलं, हप्ता वाढवून. हा भडकला, "मी ओढतच नाही, मशीन खराब आहे!" मशीनला काय कळतं तंबाखू जळाली की चघळली.

दादा, एक शंका. तो आता निकोटीनचा च्युइंगम खातो, खर्रा सुटावा म्हणून. मग पुढच्या वेळी पुन्हा पॉझिटिव्ह का?

---

टेस्टट्यूब_दादा · शनिवार, दुपारी ३:०२

हो. च्युइंगम असो, पॅच असो, निकोटीन ते निकोटीन. फरक ओळखायचा तर तंबाखूच्या पानातच असणारी अनाबॅसिन, अनाटॅबिन ही द्रव्यं मोजतात, ती च्युइंगममध्ये नसतात. नेहमीच्या लॅबमध्ये हे होत नाही, पण कंपनीला डॉक्टरांचं पत्र आधीच देऊन ठेवा.

आणि खर्रा खाणाऱ्यांनी छाती फुगवू नये. दिवसभर गालात धरणाऱ्याचा आकडा सिगारेटवाल्याच्या बरोबरीचा येतो, कधी वरही.

---

धंतोलीकर · शनिवार, सायं. ६:३०

२०१२ ला गुटखा बंद केला महाराष्ट्रात. पानठेल्यावर काही बदललं का? सरकारनं आधी ते पाहावं, मग आमच्या अंगणात यावं.

---

धागा_मदतनीस · शनिवार, सायं. ६:४१

गुटखा बंदी, पानठेले आणि सरकार यासाठी वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद झालेत, पाचशे करा. इथे मेघाताईंच्या पोराबद्दल बोलू या.

---

छोटे_डॉक्टर · शनिवार, रात्री १०:१७

बालरोगात शिकतो आहे, ड्यूटीवरून आत्ताच सुटलो. काका, अंगणात कोणीही येत नाहीये. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून जी बंदी आहे ती सार्वजनिक जागांची, २०० रुपयांपर्यंत दंड. घराला कायदा लागत नाही. म्हणूनच घरातलं कोणी मोजत नाही. २०१६-१७ च्या देशभरच्या तंबाखू पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. ती प्रौढांनी स्वतः सांगितलेली गोष्ट. सहा वर्षांच्या पोराला कोण विचारतं? आणि विचारलं तरी तो म्हणेल, आबाजी लांब बसतात.

दुसऱ्याचा धूर कर्करोग करतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने शिक्का मारूनही वीस वर्षं होऊन गेली. दम्याचं तर आम्ही रोज वॉर्डात पाहतो.

मेघाताई, लाळेची तपासणी करायची असेल तर खाल्ल्यानंतर अर्धा तास थांबा, चूळ भरायला लावा, मग कापसाची गुंडाळी गालात धरायला सांगा. लिंबू चाखवून लाळ आणू नका, लाळ पातळ झाली की आकडा बदलतो.

---

कुंदा_मावशी_कामठी · रविवार, सकाळी ९:००

मी फार लिहीत नाही, पण राहवलं नाही.

आमची आई विड्या वळायची. सूप मांडीवर, तेंदूपानं ओल्या फडक्यात, आणि आम्ही चौघं भावंडं तिच्या भोवती. कामठीत तेव्हा घरोघरी हेच. बाबू हरदासांनी ह्याच विडी मजुरांना संघटित केलं होतं, आमचे आजोबा त्या सभांना जात. आई कधी एक झुरका ओढली नाही. पण जरद्याची भुकटी नाकात, केसात, पदरात. संध्याकाळी डोकं धरून बसायची, मळमळतं म्हणायची. आम्हाला वाटायचं भूक लागली असेल.

दादा, तिची लघवी तेव्हा तपासली असती तर?

---

टेस्टट्यूब_दादा · रविवार, सकाळी ९:४८

मावशी, सापडलं असतं. निकोटीन कातडीतूनही आत जातं, आणि ओल्या हातांतून जास्त. गुजरातेत तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना चक्कर-उलट्या होतात, त्यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने काम केलं आहे. आईचं डोकं भुकेने धरत नसावं.

---

मानेवाडा_मेघा · १२ दिवसांनंतर, दुपारी ४:३३

उशिरा आले, माफ करा. आधी लाळेचा प्रयत्न केला. लॅबवाल्या पोरीने कापसाची नळी गालात ठेवली, "चॉकलेटसारखी धर" म्हणाली. याने ती चावून चावून चोथा केला आणि अर्धी गिळली. शेवटी लघवीच दिली, सोमवारी सकाळी.

रिपोर्ट: कोटिनिन १८. खाली छापलंय, "५० पेक्षा कमी: धूम्रपान न करणारी व्यक्ती." नवरा म्हणतो नॉर्मल आहे, विषय संपव. क्रिएटिनिन मागितलं होतं, ते ४५ आहे. आता सांगा का मागवलं.

---

टेस्टट्यूब_दादा · त्याच दिवशी, सायं. ५:१०

छापलेली ओळ पुन्हा प्रौढ ओढणाऱ्यांसाठीचीच आहे. "न ओढणारा" आणि "धूर न पोचलेला" या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या पोराला पहिली पदवी मिळाली, दुसरी नाही. धूर पोचतच नसता तर १८ आला नसता.

क्रिएटिनिनचं असं आहे. पोराने भरपूर पाणी प्यायलं तर लघवी पातळ, नाही प्यायलं तर घट्ट. वरण पातळ केलं म्हणून डाळ कमी पडली असं होत नाही ना, तसंच. क्रिएटिनिन अंगातून जवळपास एकाच चालीने बाहेर पडतं, म्हणून त्याने भागायचं. ४५ हा डेसीलीटरचा आकडा, मिलीलीटरमागे ०.४५ मिलिग्रॅम. १८ भागिले ०.४५ म्हणजे ४०. तुमचा खरा आकडा हा ४०, वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी याच्याशीच ताडायचं.

आता मला सांगा, हे ४० येतं कुठून? सासरे खरंच आत ओढत नाहीत?

---

मानेवाडा_मेघा · सायं. ५:२६

देवाशपथ नाही. पावसातही छत्री घेऊन अंगणात उभे राहतात. नवरा ओढत नाही, खर्राही नाही. शाळेला सुट्ट्या आहेत त्यामुळे व्हॅनवालाही नाही. मी तर आता शेजारच्या गच्चीकडेही संशयाने बघायला लागले आहे.

---

वैदर्भी_पुण्यात · सायं. ५:४०

मेघा, मे महिना आहे. नवतपा सुरू आहे. तुमचा कूलर कुठे लावलाय?

---

मानेवाडा_मेघा · सायं. ५:४४

पोराच्या खोलीच्या खिडकीत. बाहेरून स्टँडवर. का?

---

मानेवाडा_मेघा · सायं. ५:४५

अगं बाई.

---

तर्रीवाला · सायं. ५:४७

काय झालं??

---

मानेवाडा_मेघा · रात्री ९:३०

बाहेर जाऊन बसले होते, चार तास. सांगते.

आमच्या घरी कूलरमध्ये पाणी भरायचं काम सासऱ्यांचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपायच्या आधी एकदा. कोणी सांगितलेलं नाही, त्यांनीच धरलेलं आहे, दुसऱ्या कोणी पाइप लावला तर चालत नाही. नळ सोडतात, पाइपचं तोंड टाकीत सोडतात आणि टाकी भरेपर्यंत कूलरला टेकून उभे राहतात. आमच्या नळाला जोर नाही, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोन विड्या.

आज मी मुद्दाम पाहत बसले. त्यांनी विडी पेटवली, धूर वर गेलाच नाही. आडवा झाला आणि खसाच्या जाळीत शिरला, कोणी दोरीने ओढल्यासारखा. मी पळत खोलीत गेले. पोरगा कूलरसमोर गादीवर पालथा पडून चित्रं रंगवत होता, केस उडत होते. नाक लावलं तर खसाच्या वासाखाली विडीचा वास. रोज येत असेल. मला सवय झाली म्हणून कळत नसावा.

सासऱ्यांना हात धरून आत आणलं, तिथे उभं केलं. ते एक शब्द बोलले नाहीत. विडी विझवून खिशात ठेवली. आज जेवलेही नाहीत नीट.

---

धंतोलीकर · रात्री १०:०५

आमच्याही खिडकीत कूलर आहे. मी गॅलरीत ओढतो. मधे चार फूट.

मोजतो उद्या.

---

टेस्टट्यूब_दादा · रात्री १०:२०

पंधरा वर्षांत मला कूलर सुचला नव्हता. वैदर्भीताईंना नमस्कार.

---

वैदर्भी_पुण्यात · रात्री १०:२८

नागपूर सुटलं तरी कूलर डोक्यातून जात नाही दादा. लहानपणी शेजारी बोंबील भाजला की आमच्या शाकाहारी घरात कूलरमधून पूर्ण मेजवानी यायची.

---

छोटे_डॉक्टर · रात्री ११:५०

हे मी उद्या राउंडला सांगणार आहे. पेशंटच्या घरच्यांना "घरात ओढता का" विचारतो आम्ही, "कूलर कुठे आहे" कधीच नाही.

मेघाताई, आजोबांना सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे. पण आज नका देऊ नंबर. आज त्यांना जेवू द्या.

---

मानेवाडा_मेघा · २२ दिवसांनंतर, सकाळी ११:१५

दुसरा रिपोर्ट आला. कोटिनिन १६.

तीन आठवडे सासऱ्यांनी कूलरजवळ एक विडी पेटवली नाही. गेटबाहेर कडुलिंबाखाली जातात, ४५ डिग्रीत. परत आल्यावर शर्ट बदलतात, हात धुतात, मग पोराला जवळ घेतात. हे सगळं करून १८ चे १६? रिपोर्ट त्यांना दाखवायची हिंमत होत नाहीये. पोराची खोकल्याची रात्र कमी झाली आहे हे मात्र खरं, पंपही कमी लागतो.

---

टेस्टट्यूब_दादा · सकाळी ११:३२

क्रिएटिनिन?

---

मानेवाडा_मेघा · सकाळी ११:३५

११०. सकाळी उठल्या उठल्या पहिलीच घेतली होती.

---

टेस्टट्यूब_दादा · सकाळी ११:४१

मग कसला १६ धरून बसलात. रात्रभराची घट्ट लघवी आहे ती. १६ भागिले १.१ म्हणजे साडेचौदा. चाळीसवरून साडेचौदावर आला पोरगा! निम्म्याहून कितीतरी खाली. स्कॉटलंडमध्ये २००६ साली हॉटेल-पबमधली सिगारेट कायद्याने बंद केली, तेव्हा शाळकरी पोरांच्या लाळेतलं कोटिनिन ३९ टक्क्यांनी उतरलं होतं आणि जगभर त्याची चर्चा झाली. तुमच्या सासऱ्यांनी एकट्याने साठ टक्क्यांच्या वर उतरवलं. दाखवा रिपोर्ट त्यांना.

एका पोराची आणि एका देशाची बरोबरी होत नाही, माहीत आहे. तरी दाखवा.

फक्त एक सांगा. नमुना कोणत्या वारी दिला? उरलेलं साडेचौदा मला खटकतं आहे.

---

मानेवाडा_मेघा · सकाळी ११:५८

सोमवारी, मागच्यासारखाच. ताडायला बरं म्हणून वार तोच ठेवला.

थांबा. रविवारी कळमेश्वरला नणंदेच्या मुलीचं साक्षगंध होतं. मंडपात दुपारभर पोरगा सगळ्या मामा-काकांच्या मांडीवर. मागे स्वयंपाकाच्या शेडपाशी तर विड्यांच्या धुराचा नुसता गराडा.

---

टेस्टट्यूब_दादा · दुपारी १२:०४

झालं. त्या साडेचौदात साक्षगंधाचा वाटा आहे, किती ते सांगता येणार नाही. ही तपासणी दोन-तीन दिवसांचंच बोलते, महिन्याचं नाही. महिन्यांचा हिशोब पाहिजे असेल तर केस तपासतात, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून मागचं कळतं. एनएनएएल म्हणून एक द्रव्य लघवीत कित्येक आठवडे राहतं, तेही मोजतात, पण ते मोठ्या संशोधनाच्या लॅबमध्ये. तुम्हाला त्याची गरज नाही. घरी शांत आठवडा गेला की शुक्रवारी एक नमुना द्या, बस.

---

धंतोलीकर · दुपारी १:२०

मोजलं. चार नाही, सव्वातीन फूट. कूलर मागच्या खिडकीत हलवला आहे. बायको विचारते काय अवदसा आठवली. सांगितलं नाही.

---

मानेवाडा_मेघा · रात्री ८:४५

रिपोर्ट दाखवला. सासऱ्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवले, ४० आणि साडेचौदा मी पेनने लिहिलेलं होतं. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "माझं किती असंल?" मी म्हटलं, तुमचं त्या पहिल्या पट्टीवर येईल बाबा. एक उरली होती. केली. एकच रेघ. पट्टी देवघरापाशी ठेवून दिली आहे, कोणी टाकू नका म्हणतात. क्विटलाइनचा नंबर नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला आहे, कोणी काही बोललेलं नाही त्यावर.

शुक्रवारचा नमुना या आठवड्यात देते.

नवीनच भानगड वेगळी आहे. ते पाइप टाकीत सोडून गेटबाहेर जातात, विडी संपेपर्यंत इकडे टाकी भरून वाहते. रोज अंगणात तळं. आज शेजारच्या काकू येऊन बोलून गेल्या, मानेवाड्यात एक दिवसाआड पाणी आणि तुमच्याकडे नदी.

---

तर्रीवाला · रात्री ८:५१

टाकीत फुगा बसवून घ्या न वहिनी, बॉलकॉक. भरली का आपोआप बंद. फक्त कूलरच्या टाकीचा लहान माग्जा, संडासच्या टाकीचा नोका घेऊ, तो बसत नाही. मी आणलोय एकदा.

---

मानेवाडा_मेघा · रात्री ८:५५

नको, मग पाणी भरायचं काम राहणार नाही त्यांना. मीच उभी राहते पाइप धरून.